हॅम्बुर्गमधले दोन दिवस, बाबा आणि मिनिआटूर वुंडरलांड

ओसरी (धागाकर्ती)

आई-बाबा सध्या आमच्याकडे हॅनोवरला आले आहेत. बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले. ३४ वर्षांची नोकरी, त्यातली बरीचशी भुसावळला. लहानपणी रात्री-अपरात्री दारावर थाप पडायची, बाबा टॉर्च आणि पाना घेऊन निघायचे, हे मी पुष्कळ पाहिलंय. त्यामुळे ते येणार ठरलं तेव्हाच हॅम्बुर्गचं मिनिआटूर वुंडरलांड, म्हणजे मॉडेल रेल्वेचं भलंमोठं प्रदर्शन, त्यांना दाखवायचं, हे मनात पक्कं होतं. गेल्या शनिवार-रविवारी जाऊन आलो. इथे कुणी जाणार असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते. शिवाय माझी एक चूक झाली, ती तुम्ही करू नये म्हणूनही.

हॅनोवरहून जलद गाडीने सव्वा तासात पोचता येतं, पण आम्ही मुद्दाम प्रादेशिक गाडीने, उल्त्सनला गाडी बदलून गेलो. नीडरझाक्सेन तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर फिरता येतं आणि शनिवार-रविवारी सकाळी ९ नंतरच निघायची अट नसते. उल्त्सनचं स्टेशन हुंडर्टवासर या कलाकाराच्या कल्पनेतून नव्याने सजवलंय. वाकडेतिकडे रंगीत खांब, सोनेरी गोळे, कुठेही सरळ रेघ नाही. बाबांनी सगळे खांब हात लावून पाहिले. आईने डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच बाकावर काढली.

आता मुख्य विषय. वुंडरलांड हे श्पायखरश्टाटमध्ये आहे, म्हणजे हॅम्बुर्ग बंदराच्या जुन्या गोदामांच्या भागात. लाल विटांची उंच गोदामं, मधून कालवे, आणि सगळं ओकच्या खांबांवर उभं. १८८३ पासून बांधलेला हा भाग २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कॉफी, चहा, मसाले, गालिचे इथे उतरायचे. अशाच एका गोदामात फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ऑगस्ट २००१ मध्ये हे सुरू केलं. त्याआधी ते हॅम्बुर्गमध्ये डिस्को चालवायचे. फ्रेडरिक २००० साली झुरिकला फिरायला गेला असताना मॉडेल रेल्वेच्या एका दुकानात शिरला, लहानपणचं सगळं आठवलं आणि त्याने भावाला फोन करून सांगितलं, आपण जगातली सगळ्यात मोठी मॉडेल रेल्वे बांधायची. आज तिथे १६ किलोमीटरच्या आसपास रूळ आहेत, हजाराहून जास्त गाड्या आणि दहा हजारांहून जास्त डबे.

मी शनिवारी दुपारी २ ची वेळ घेतली होती आणि साडेचारच्या बंदर-सफरीचं तिकीटही आधीच काढून ठेवलं होतं. दोन तास पुरतील, असा माझा हिशोब. इथेच चुकले.

आत शिरल्यावर मुलगा विमानतळाकडे धावला, आई स्वित्झर्लंडच्या डोंगरापाशी थांबली आणि बाबा पहिल्याच दालनात, हार्त्सच्या डोंगराळ भागातल्या एका लहान स्टेशनापाशी उभे राहिले ते हलेचनात. मी दहा मिनिटांनी परत आले तरी तिथेच.

"बाबा, चला ना, पुढे खूप आहे."

"थांब गं. मालगाडी लूपवर घेतलीये, मेन लाईनवरून मेल थ्रू काढणार आहेत. बघ तू."

मी पाहिलं. मालगाडी खरंच लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, लाल सिग्नलला उभी होती. अर्ध्या मिनिटाने मागच्या बोगद्यातून लांबलचक प्रवासी गाडी आली आणि न थांबता निघून गेली. मग पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा सांधा, फिरला, सिग्नल पडला आणि मालगाडी हलली. बाबांनी मान हलवली, जशी ते घरी घड्याळ बरोबर लागल्यावर हलवतात. मी तिथे याआधी दोनदा जाऊन आलेय आणि दोन्ही वेळा मला फक्त 'गाड्या फिरतात' एवढंच दिसलं होतं.

आणि तरीही मी त्यांना सव्वाचारला बाहेर काढलं. नावेचं तिकीट वाया जाईल म्हणून. ते काही बोलले नाहीत, मुकाट्याने कोट चढवून आले. नावेत बसून बंदरातली कंटेनरची जहाजं पाहिली, छान होतं सगळं. पण रात्री हॉटेलवर आई हळूच म्हणाली, "त्यांना अजून तिथंच थांबायचं होतं गं." मला इतकं वाईट वाटलं. ३४ वर्षं ज्या माणसाने एक गाडीसुद्धा घाई करून सोडली नाही, त्याला मी घाई केली.

त्याच रात्री रविवार सकाळची तिकिटं पुन्हा काढली. रविवारी आम्ही सहा तास आत होतो. त्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, मुलगा उठलाय.

एल्बकाठ

सुरेख लिहिलंय. मी हॅम्बुर्गमध्येच राहते आणि पाहुणे आले की वुंडरलांडची फेरी ठरलेलीच. जाणाऱ्यांसाठी: तिकीट ऑनलाईन, वेळ ठरवूनच काढा, विशेषतः सुट्ट्यांमध्ये. वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं आणि गर्दीच्या काळात वेळ बरीच लांबवतात, त्यामुळे अगदी सकाळी किंवा रात्री जा. १ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट नाही. मेट्रोच्या यू ३ मार्गावर बाउमवालला उतरलात तर पाचेक मिनिटांची चाल आहे.

पायवाट

धागा आवडला, पण एक वेगळं मत मांडते. फक्त दोन दिवस असतील तर त्यातले सहा-आठ तास एका इमारतीत घालवणं मला पटत नाही. हॅम्बुर्ग हे पाण्याचं शहर आहे. लांडुंग्सब्र्युकनच्या धक्क्यावरून ६२ क्रमांकाची फेरीबोट फिन्केनवेर्डरला जाते, ती शहराच्या साध्या तिकिटावर चालते, वेगळ्या नावेला पैसे मोजायची गरजच नाही. तिथेच नदीखालून जाणारा जुना एल्ब बोगदा आहे, १९११ साली उघडलेला. ४२६ मीटर लांब, जमिनीखाली २४ मीटर, आणि पायी जाणाऱ्यांना मोफत. एल्बफिलहार्मोनी या संगीत सभागृहाच्या ३७ मीटर उंचीवरच्या गच्चीवरून सगळं बंदर दिसतं. हे सोडून खेळण्यातल्या गाड्या?

ओसरी

पायवाट, बोगदा आम्हीही केला आणि फार आवडला. भिंतींवरच्या फरशांत मासे, खेकडे कोरलेत, मुलाने एकूण एक शोधले. ६२ ची फेरी आधी माहीत असती तर शनिवारचा सगळा घोळच झाला नसता, पुढच्या वेळी नक्की.

पण 'खेळण्यातल्या गाड्या' हे मात्र मान्य नाही. माझं म्हणणंच हे आहे की तिथे दोन तास जायचं असेल तर खरंच जाऊ नका. दोन तासांत ते खेळणंच दिसतं.

आता रविवार. पहाटे फिशमार्क्टला गेलो, हा बाजार १७०३ पासून भरतो आणि साडेनऊला संपतो. आई शाकाहारी, मासळीच्या वासाला नाक मुरडेल वाटलं होतं, पण ट्रकवर उभे राहून केळ्यांचे घड आणि फळांच्या टोपल्या ओरडून विकणारे पाहिले आणि ती रमली. "आपल्या आठवडी बाजारासारखंच की," म्हणाली आणि एक भली मोठी टोपली घेतली. ती टोपली मग दिवसभर आमच्याबरोबर फिरली.

दहाला आत. या वेळी ठरवलं होतं, बाबा पुढे आणि आम्ही मागे.

ते थेट नियंत्रण कक्षापाशी गेले. तो उघडाच आहे, पडद्यांची मोठी रांग आणि पाच-सहा माणसं बसलेली. बाबांनी तिथल्या एका तरुण कर्मचाऱ्याला त्यांच्या नोकरीतल्या इंग्रजीत विचारलं, दोन गाड्या एकमेकींवर येत नाहीत हे कोण बघतं? त्याने सांगितलं, सगळा मार्ग तुकड्यांत विभागलाय, एका तुकड्यात एकच गाडी, पुढचा तुकडा रिकामा झाल्याशिवाय संगणक गाडी सोडत नाही. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे आपल्या रेल्वेतली ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतच की!" त्यांचा चेहरा मी फोटोत धरू शकले नाही, पण तो मला पुढची कितीतरी वर्षं आठवेल.

मग खिशातली वही काढून हिशोब मांडला. मॉडेलचं प्रमाण १:८७. युरोपातला रूळ १४३५ मिलिमीटर, भागिले ८७, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. मॉडेलचा रूळ तेवढाच आहे. आपली ब्रॉडगेज १६७६, तिचं मॉडेल केलं तर सव्वाएकोणीस होईल. "आपली गाडी ह्या रुळावर चढणार नाही," असं त्यांनी नातवाला अगदी गंभीरपणे समजावलं.

एक दृश्य सांगते आणि थांबते. ऑस्ट्रियाच्या डोंगरात एका मालगाडीचा डबा घसरला. पाचेक मिनिटांत डोंगराच्या मधोमध एक झाकण उघडलं आणि त्यातून एक बाई छातीपर्यंत वर आल्या. दोन बोटांनी डबा उचलला, चाकं पाहिली, रुळावर ठेवला, एक बोट डब्यावर ठेवून गाडी सावकाश थोडी पुढे जाऊ दिली आणि मगच बोट काढलं. बाबा म्हणाले, "बघ, ट्रायल घेतली. घाई नाही केली."

कोथरूडकर

ओसरीताई, बाबा भारतात परतले की त्यांना पुण्याला पाठवा. कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून उभं राहिलेलं, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं. प्रमाण तेच, १:८७. अख्खं छोटं शहर आहे. सिग्नल, दिव्यांचे खांब, उड्डाणपूल, सर्कससुद्धा. खेळ सुरू होताना निवेदन होतं, मग दिवे मंद करून रात्र करतात आणि गाड्यांच्या खिडक्या उजळतात.

आकारात हॅम्बुर्गशी तुलनाच नको. पण ज्या काळात आपल्याकडे मॉडेलचा एक रूळ मिळायची मारामार होती, त्या काळात एका माणसाने हे केलं, याचं मला फार मोल वाटतं. मी शाळेत असताना पहिल्यांदा गेलो, आता माझ्या मुलीला नेतो. मुंबईकरांना एका दिवसात होण्यासारखं आहे, सकाळच्या गाडीने या आणि संध्याकाळच्या गाडीऐवजी रात्रीच्या गाडीने जा, म्हणजे पोटभर बघून होईल.

रिले_रूम

मीही सिग्नल खात्यातलाच, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा.

एक बारकावा. मॉडेलमध्ये साधारणपणे इंजिन वीज ओढतं, त्यावरून त्या तुकड्यात गाडी आहे हे कळतं. म्हणजे वीज वाहिली की 'भरलेला'. आपल्या खऱ्या ट्रॅक सर्किटमध्ये, म्हणजे रुळावर गाडी आहे का हे ओळखणाऱ्या विजेच्या जोडणीत, उलट असतं. रुळांतून सतत थोडा प्रवाह चालू ठेवलेला असतो आणि त्यावर रिले (विजेवर चालणारा स्विच) उचललेला असतो. गाडी आली की तिची चाकं आणि धुरा दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. त्यामुळे वायर तुटली, बॅटरी गेली, रूळ मोडला तरीही लालच होणार. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच व्हावा, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. मॉडेलमध्ये वायर तुटली तर तुकडा रिकामा दिसेल! तिथे चालतं, कारण कुणाचा जीव जात नाही.

ओसरी

रिले_रूम, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "बरोबर बोलतोय. विचार कुठल्या डिव्हिजनला होता." दोनदा वाचायला लावला.

रिले_रूम

सोलापूर! आणि नंतर काही वर्षं पुणे. सांगा त्यांना.

चिमणचारा

विमानतळाबद्दल कुणीच का लिहीत नाहीये? माझ्या मुलांनी तिथून हलायला नकार दिला होता. विमानं खरंच उडतात का? आणि रस्त्यावरच्या मोटारी कशा वळतात, त्यांना तर रूळ नाहीत.

एल्बकाठ

विमानतळ २०११ मध्ये सुरू झाला, क्नुफिंगन या काल्पनिक गावाचा. बांधायला सुमारे सहा वर्षं आणि ३५ लाख युरो लागले. विमानं स्वतः टॅक्सीवेवरून धावपट्टीवर येतात, वेग घेतात, मग बारीक दांड्यांवर उचलली जातात आणि भिंतीतल्या मोकळ्या जागेतून पलीकडे दिसेनाशी होतात. दांड्या दिसतात, लपवलेल्या नाहीत, तरी विमान वर जाताना सगळी मुलं एकदम 'आऽ' करतात. मोठी माणसंसुद्धा.

मोटारींचं असं: रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तार पुरलेली आहे आणि गाडीच्या पुढच्या चाकांना चुंबक जोडलेलं. चुंबक तारेमागे जातं, चाकं वळतात. गाडीत छोटी बॅटरी असते, ती उतरली की गाडी आपली आपण चार्ज व्हायला जाते. क्नुफिंगनमध्ये ठरावीक वेळाने कुठेतरी आग लागते आणि अग्निशमन दलाच्या गाड्या निळे दिवे लावून निघतात, तेव्हा बाकीच्या गाड्या कशा थांबतात तेवढंच बघत राहा. दर पंधरा मिनिटांनी दिवसाची रात्र होते, ती आग रात्री लागली तर नशीब समजा.

पायवाट

हे वाचून मलाच आता वाटायला लागलंय की मी घाईत पाहिलं असावं. स्वित्झर्लंडच्या मॅटरहॉर्नपाशी फोटो काढला आणि निघाले होते. तो डोंगर तरी प्रमाणात आहे का?

ओसरी

नाही, बाबांनी तोही हिशोब केला! खरा मॅटरहॉर्न ४४७८ मीटर, भागिले ८७ म्हणजे पन्नास मीटरच्या वर. तिथला जेमतेम सहा मीटर आहे, दोन मजल्यांतून वर जातो. गाड्या, माणसं, घरं प्रमाणात ठेवायची आणि निसर्ग आखडून घ्यायचा, नाहीतर गोदामं पुरणार नाहीत. आईला मात्र तो आवडला होता तो आवडलाच. शिवाय तिथे बटण दाबलं की चॉकलेटच्या कारखान्यातून खरं चॉकलेट हातात येतं, तिने ते नातवाला न देता पर्समध्ये ठेवलं, शेजारच्या काकूंना दाखवायला.

जुनी_पानं

अजून एक जागा सांगतो, जिथे गर्दी थांबत नाही. विभागलेल्या जर्मनीवरचे देखावे आहेत, तेच शहर, वेगवेगळी वर्षं. युद्धानंतरचे ढिगारे, मग १९६१ ची भिंत, आणि शेवटी १९८९ ला भिंतीवर चढलेली माणसं. माणूस दोन सेंटिमीटरचा, पण एका खिडकीतून हात हलवणारी बाई आणि पलीकडे तिच्याकडे बघणारं कुटुंब मला दिसलं, आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. गाड्यांची आवड नसली तरी हे बघा.

स्कँडिनेव्हियातला समुद्रही, खरं पाणी आहे, ३०,००० लिटर, आणि भरती-ओहोटीही होते. २०२१ पासून कालव्यावरच्या काचेच्या पुलावरून पलीकडच्या गोदामात जाता येतं, तिथे रिओ आहे आणि पुढे पाटागोनिया. हा भाग अर्जेंटिनातल्या एका कुटुंबासोबत बांधलाय.

सावकाश

आईला गुडघेदुखी आहे, चाकाची खुर्ची लागते. जमेल का? आणि शाकाहारी खायला?

एल्बकाठ

लिफ्ट आहे, खुर्ची सगळीकडे नेता येते. फक्त गर्दीच्या वेळी पुढे माणसांची भिंत असते आणि बसलेल्याला काही दिसत नाही, म्हणून अगदी सकाळचीच वेळ घ्या. आतल्या उपाहारगृहात बटाट्याचे फ्राइज, ब्रेत्सेल वगैरे मिळतं, पोट भरेल एवढंच. बाहेर पडल्यावर दालचिनीचं फ्रान्त्सब्रोटखन नक्की खा, ते हॅम्बुर्गचंच.

आणखी एक, जे फार कुणाला माहीत नसतं. जानेवारीत काही दिवस ज्यांना तिकीट परवडत नाही त्यांना ते मोफत आत सोडतात. पुरावा मागत नाहीत, 'मला परवडत नाही' एवढं सांगायचं. माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी अशी जाऊन आली, तिला कुणी वेगळं वागवलं नाही.

रुळावरचा_मुसाफिर

मी नाशिकला घरी छोटं मॉडेल करतो, म्हणून नवीन लोकांसाठी दोन शब्द. हॅम्बुर्ग पाहून आलं की लगेच मोठं काहीतरी करावंसं वाटतं. करू नका. एक अंडाकृती मार्ग, एक लूप, दोन पॉइंट, एवढ्यावर सुरुवात करा. जागा कमी असेल तर १:१६० प्रमाण घ्या, टेबलावर मावतं. पैसे इंजिनावर घाला, झाडं-घरं पुठ्ठ्याची स्वतः करता येतात. आणि रूळ पुसत राहा, निम्मे बिघाड धुळीचेच असतात. आपल्याकडे तर जास्तच.

ओसरीताई, बाबांना विचारा, त्यांना करायचं असेल तर मी लागेल ती मदत करीन. मनापासून.

ओसरी

सगळ्यांचे खूप आभार. पायवाट, तुम्ही परत गेलात तर नक्की कळवा.

मुसाफिर, तुमचा प्रतिसाद बाबांना दाखवला. ते लगेच काही बोलले नाहीत. संध्याकाळी जेवण झाल्यावर वही घेऊन बसले. हार्त्सच्या त्या पहिल्या स्टेशनचा नकाशा त्यांनी उभ्याउभ्याच काढला होता, होम (स्टेशनात शिरायचा सिग्नल), स्टार्टर (निघायचा सिग्नल), पॉइंट सगळं खुणांनी. पण लूप किती, यावर त्यांचं अडलं होतं. वहीत दोन होत्या आणि त्यांना तीन आठवत होत्या. मुलाने काढलेला व्हिडिओ आम्ही चार वेळा थांबवून थांबवून पाहिला. तिसरी लूप डाव्या बाजूला शेडच्या मागे होती. बाबांनी ती पेन्सिलीने आखली, आणि आता विचारतायत, नाशिकला १:८७ चा पॉइंट कितीला मिळतो?